फायबरचे एमबीपीएस आणि जुन्या डिस्कचे एमबी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याला आमचं कॉम्प्युटर रिपेरिंग आणि नेटवर्किंगचं काम आहे. गावोगाव फायबर पोचल्यापासून दुकानात आणि व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. सोपे वर, डोकं खाणारे खाली. वाचताना एवढंच धरा की जिथे एमबीपीएस, मेगाबिट, गिगाबिट लिहिलंय तिथे बिट आणि जिथे नुसतं एमबी, जीबी लिहिलंय तिथे बाइट, आणि स्पीड म्हटला की तो सेकंदालाच.

१. माझा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे पण डाउनलोड होताना ११-१२ च दाखवतो. बाकीचा स्पीड कोण खातो?

कोणी खात नाही. कंपनी बिट मोजते, तुमचा कॉम्प्युटर बाइट मोजतो, आणि ८ बिटांचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा एमबी, हा झाला कागदावरचा कमाल आकडा. त्यातून पॅकेटचे (डेटाच्या छोट्या गठ्ठ्यांचे) पत्ते-बित्ते लिहिण्यात थोडं जातं (प्रश्न ६) आणि विंडोजचा एमबी जरा मोठ्या मापाचा असतो (प्रश्न ५), त्यामुळे स्क्रीनवर ११ च्या वर दिसलं की लाइन पूर्ण स्पीडने चालू आहे असं समजायचं आणि लाइनमनला फोन करायचा नाही. स्पीडटेस्ट मात्र एमबीपीएसमध्येच दाखवते, म्हणून तिथे ९४-९५ आणि डाउनलोडमध्ये ११ हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

२. म्हणजे कुठलाही आकडा असला तरी ८ नं भागलं की झालं?

नाही, इथेच सगळे फसतात, आणि नेटवरचे कॅल्क्युलेटर पण फसवतात. भागायच्या आधी बघायचं की लेबलवरचा आकडा नक्की काय मोजतोय, खरा डेटा का तारेवरून जाणारे सगळे बिट.

साटाचं (डिस्क मदरबोर्डला जोडायच्या बारीक केबलचं) उदाहरण घ्या. साटाची पहिली पिढी दीड गिगाबिटची, ८ नं भागलं तर १८७ एमबी यायला पाहिजेत पण स्पेकमध्ये लिहिलेलं असतं १५०. कारण साटामध्ये डेटाचे ८ बिट पाठवायचे असले की तारेवर १० बिट जातात, याला ८बी/१०बी एन्कोडिंग म्हणतात. असं करायचं कारण, डेटात लागोपाठ नुसती शून्यं किंवा नुसते एक आले तर पलीकडच्या चिपला ताल सापडत नाही, एक बिट कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला तेच कळत नाही, म्हणून मधे पुरेसे बदल होतील असे १० बिटांचे ठरलेले कोड वापरतात. तेव्हा साटाला भागायचं १० नं. दीड गिगाबिट म्हणजे १५०, तीन म्हणजे ३००, सहा म्हणजे ६०० एमबी. यूएसबी ३.० पण तसंच, ५ गिगाबिट म्हणजे ५०० एमबी, ६२५ नाही.

आता गंमत बघा. गिगाबिट इथरनेट फायबरवर चालतं तेव्हा तिथेही हेच ८बी/१०बी आहे, काचेतून खरं तर सेकंदाला सव्वाशे कोटी बिट जातात. पण इथरनेटवाल्यांनी नाव देताना तो जास्तीचा भाग धरलाच नाही, फक्त आतला डेटा मोजून १ गिगाबिट म्हटलं. म्हणून इथरनेटला ८ नं भागायचं आणि १२५ एमबी येतात. १० गिगाबिट इथरनेटचं पण तेच, लाइनवर १०.३१२५ गिगाबिट असतं आणि नावात १०. माझ्या मते नाव ठेवायची इथरनेटची पद्धत सरळ आहे, साटा आणि यूएसबीवाल्यांनी मोठा आकडा छापायची हौस भागवून घेतली.

थोडक्यात इथरनेट आणि घरच्या फायबर प्लॅनला ८, साटा आणि यूएसबी ३.० ला १०, आणि जुन्या रुंद पट्टीच्या केबलवाल्यांना काहीच नाही, ते पुढच्या प्रश्नात.

३. जुन्या आयडीई डिस्कवर "१३३" लिहिलंय. ते मेगाबिट का एमबी?

एमबी. आयडीईची (साटाच्या आधीच्या डिस्क-केबलची) ३३, ६६, १००, १३३ ही सगळी नावं सरळ एमबीमध्येच आहेत कारण ती पॅरलल केबल, एका वेळी १६ बिट म्हणजे २ बाइट शेजारी शेजारी जातात, तिथे बाइटमध्ये मोजणंच सोपं होतं. नेटवर्कच्या भाषेत न्यायचं असेल तर उलट ८ नं गुणा, १३३ एमबी म्हणजे १,०६४ मेगाबिट. हो, वीस वर्षं जुनी ती राखाडी पट्टी कागदावर तुमच्या गिगाबिट फायबरला पुरून उरते. फक्त पट्टी ८० तारांची हवी, ४० तारांची असली तर ३३ च्या वर जात नाही. दोन्हीचा कनेक्टर ४० पिनांचाच असतो, म्हणून तारांची बारीक-जाडी बघूनच ओळखायचं. आणि मास्टर-स्लेव्ह अशा दोन डिस्क एकाच पट्टीवर असतील तर ते १३३ दोघांत वाटून घ्यायचे.

पॅरलल स्कझीचं (सर्व्हरच्या डिस्कची जुनी केबल) पण हेच, अल्ट्रा१६० म्हणजे १६० एमबी आणि अल्ट्रा३२० म्हणजे ३२० एमबी, तेही त्या केबलवरच्या सगळ्या डिस्क मिळून.

४. सगळ्यांची एक यादी द्या ना, सारखं भागत कोण बसणार?

ही घ्या. डावीकडे नाव, मग एमबी, मग नेटवर्कशी तुलना करायला खऱ्या डेटाचे मेगाबिट.

- फ्लॉपी: ०.०६ एमबी, अर्धा मेगाबिट
- यूएसबी १.१: १.५ एमबी, १२ मेगाबिट
- फायरवायर ४००: ४९ एमबी, ३९३ मेगाबिट (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांचा पोर्ट, नावात ४०० असलं तरी)
- यूएसबी २.०: ६० एमबी, ४८० मेगाबिट, पण हा आकडा नुसता ऐकायचा, प्रत्यक्षात ३० ते ४० एमबीच मिळतात
- आयडीई १००: १०० एमबी, ८०० मेगाबिट
- आयडीई १३३: १३३ एमबी, १,०६४ मेगाबिट
- साटा पहिली पिढी: १५० एमबी, १,२०० मेगाबिट
- साटा दुसरी: ३०० एमबी, २,४०० मेगाबिट
- अल्ट्रा३२० स्कझी: ३२० एमबी, २,५६० मेगाबिट
- यूएसबी ३.०: ५०० एमबी, ४,००० मेगाबिट
- साटा तिसरी: ६०० एमबी, ४,८०० मेगाबिट

हे सगळे रस्त्याचे स्पीड आहेत, गाडीचे नाहीत. आयडीईच्या काळातली डिस्क स्वतः ४०-६० एमबीच्या वर वाचत नव्हती, मग पट्टी १३३ ची असो नाहीतर तुम्ही तिला यूएसबी ३.० चा कन्व्हर्टर लावा. "निळा पोर्ट आहे म्हणून ५०० मिळतील ना?" असं दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. नाही मिळणार.

५. ५०० जीबीची डिस्क ४६५ च दाखवते. स्पीडच्या हिशोबात पण ही गडबड येते का?

येते, पण लहान. डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजून नाव मात्र तेच लावतं. एमबीपर्यंत फरक सुमारे ५ टक्के, जीबीला ७, टीबीला १० टक्के, म्हणून १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते. १०२४ वाल्यांना मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावं १९९८ मध्येच दिलीत पण दुकानात कोणी तसं म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

नेटवर्कचे आकडे मात्र नेहमी १००० च्या पटीत, तिथे १०२४ आणू नका. म्हणजे १०० एमबीपीएस = १२.५ एमबी, आणि तेच विंडोजच्या खिडकीत ११.९. मॅक २००९ पासून १००० नेच मोजतो, म्हणून एकच फाइल मॅकवर मोठी आणि विंडोजवर लहान दिसते. सगळ्यात विचित्र फ्लॉपी, तिचे १.४४ एमबी म्हणजे १४४० गुणिले १०२४ बाइट, एकाच आकड्यात दोन्ही पद्धती!

६. गिगाबिटवर १२५ यायला पाहिजेत तर कॉपी करताना ११२ वरच का अडकतं?

११२-११३ म्हणजेच पूर्ण भरलेलं गिगाबिट. इथरनेटच्या एका नेहमीच्या फ्रेममध्ये १५०० बाइटचा माल असतो पण तारेवर तिच्यासाठी १५३८ बाइटची जागा जाते, आणि त्या १५०० मधले ४०-५२ बाइट पण आयपी आणि टीसीपीच्या हेडरचे (पत्ता आणि पोचेची माहिती) असतात. उरतं साधारण ९४ टक्के. १२५ चे ९४ टक्के म्हणजे ११७ च्या वर, आणि ते विंडोजच्या १०२४ वाल्या मापात ११२.

जम्बो फ्रेम म्हणजे ९००० बाइटची लावली तर ९९ टक्क्यांपर्यंत जाता येतं, पण ती दोन्ही टोकांना आणि मधल्या स्विचला सगळीकडे चालू पाहिजे, आणि इंटरनेटवर तिचा उपयोग नाही. घरी त्या भानगडीत पडू नका.

७. ३०० चा प्लॅन घेतला तर जुनी यूएसबी २ ची हार्ड डिस्क त्याला अडवेल का?

३०० एमबीपीएस म्हणजे साडेसदतीस एमबी, आणि यूएसबी २ ला ३०-४० मिळतात, म्हणजे अगदी काठावर. २०० पर्यंतच्या प्लॅनला काहीच प्रॉब्लेम नाही. ५०० चा घेतला तर ६२ एमबी यायला लागतील आणि डिस्क नक्की अडवेल.

पण खरं सांगू, दहातल्या आठ घरांत डिस्क अडवतच नाही, त्याच्या आधीच गाडी अडकलेली असते. एक तर जुन्या लॅपटॉपचा लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचा असतो. नाहीतर वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर असतं आणि मधे दोन चिऱ्याच्या भिंती. आणि तिसरं जे आमच्याकडे फार दिसतं ते म्हणजे लॅनच्या केबलचं टोक. गिगाबिटला आठच्या आठ तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. किनाऱ्याकडच्या घरांत, कळंगुट म्हणा कोळवा म्हणा, खाऱ्या हवेनं त्या पिना हिरव्या पडतात, गिगाबिटच्या जास्तीच्या चार तारांतली एक जरी धरेनाशी झाली की लिंक गुपचूप १०० वर उतरते आणि माणूस कंपनीच्या नावाने बोंब मारतो. विंडोजमध्ये नेटवर्क कार्डचं स्टेटस उघडून बघा, तिथे १०० एमबीपीएस लिहिलं असेल तर टोक कापून नवीन कनेक्टर बसवा, काही रुपयांचं काम आहे.

८. लाइनमन म्हणाला फायबरमधून अडीच गिगाबिट येतो. मग मला १०० च का?

तो चुकीचं बोलला नाही. घरोघरी जी फायबर येते ती बहुतेक जीपॉन पद्धतीची, तिच्यात येताना २.४८८ गिगाबिट आणि जाताना १.२४४ गिगाबिट. पण हे एका काचेवरच्या सगळ्या घरांना मिळून. खांबावरच्या डब्यात स्प्लिटर असतो, तो एकाच्या ३२ किंवा ६४ शाखा करतो, आणि प्रत्येक शाखेत सगळ्यांचाच उजेड जातो, तुमच्या घरातला फायबरचा डबा फक्त तुमचं उचलतो. ३२ घरं एकदम फुल स्पीडने ओढायला लागली तर वाटणीला ७७-७८ एमबीपीएस येतात, ६४ असतील तर त्याच्या निम्मे. तशी वेळ सहसा येत नाही कारण सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत.

भागायला इथेही ८ च, पण त्या अडीच गिगाबिटला नाही, तुमच्या प्लॅनच्या आकड्याला. आणि तुमच्या डब्याचा लॅन पोर्ट १ गिगाबिटचा असेल तर त्या पोर्टातून त्याच्या वर काही निघणार नाही.

९. जत्रेतल्या नाटकांच्या मिनीडीव्ही कॅसेट आहेत. फायरवायरने ४०० मिळतात तर एक तासाची कॅसेट पाच मिनिटांत का उतरत नाही?

कारण कॅसेट तिच्या चालीनेच चालते. मिनीडीव्हीमधून व्हिडिओ, ऑडिओ सगळं मिळून साधारण ३.६ एमबी येतात, तासाचे १३ जीबी. फायरवायरला ४९ एमबीची जागा आहे म्हणजे तेराव्या हिश्श्यापेक्षा कमी भरते, बाकी रिकामी. तासाच्या कॅसेटला तासच लागणार, तुम्ही नासाचा कॉम्प्युटर आणा.

फायबरचा संबंध येतो तो नंतर. त्या १३ जीबीची फाइल मुलाला पुण्याला पाठवायची झाली तर बिट होतात १०४ गिगाबिट, अपलोड ५० एमबीपीएसचा असेल तर पस्तीस मिनिटं, १०० चा असेल तर सतरा-अठरा. प्लॅनमध्ये अपलोड वेगळा लिहिलेला असतो तो बघा. आणि स्पीड राहू दे, कॅसेटचं झाकण उचलून टेप बघा आधी, पावसाळ्यात पांढरी बुरशी धरलेली असेल तर ती प्लेअरमध्ये घालू नका, कॅमेऱ्याचं हेड जाईल आणि तो कॅमेरा आता परत मिळत नाही.

१०. १ टीबीचा बॅकअप म्हापशाहून मडगावच्या ऑफिसला पाठवायचाय. फायबरने पाठवू की डिस्क घेऊन कदंबात (गोव्याच्या सरकारी बसमध्ये) बसू?

मस्त प्रश्न, आणि उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही.

सोपं गणित लक्षात ठेवा, १ जीबीला १०० एमबीपीएसवर ८० सेकंद. म्हणजे १ टीबीला ८०,००० सेकंद, बावीस तासांच्या वर, वरखर्च धरून एक दिवस. आता बस. पणजीला बदलून दोन तास धरले तर १ टीबी दोन तासांत म्हणजे १.१ गिगाबिट झाले, कदंब बसने गिगाबिट फायबरला मागे टाकलं!

पण थांबा. डिस्क यूएसबी २ ची असेल तर तिच्यावर १ टीबी चढवायलाच ३३ एमबीने साडेआठ तास जातात, आणि मडगावला उतरवायला परत साडेआठ. सतरा आणि दोन एकोणीस तास. १०० च्या फायबरशी जवळजवळ बरोबरी, आणि फायबरला तुम्ही रात्री लावून झोपू शकता. डिस्क यूएसबी ३.० ची असेल आणि आतली प्लेट १०० एमबीने लिहीत असेल तर प्रत्येक टोकाला पावणेतीन तास, एकूण साडेसात, मग बसच जिंकते. आणि दोन्हीकडे ३०० चं फायबर असेल तर साधारण आठ तास, म्हणजे तुम्ही जागा सोडूच नका.

लाइट जाण्याचं धरा मात्र. पावसात आठ तास सलग वीज राहील याची खात्री नसेल तर तुटलं तिथून पुढे चालू होणारा प्रोग्राम वापरा, साधी कॉपी-पेस्ट नको.

११. ऑफिसच्या जुन्या कागदावर "२ एमबी लीज्ड लाइन" आणि "एसटीएम-१" लिहिलंय. याचे एमबी किती?

ती "२ एमबी" म्हणजे बोलायची भाषा, खरी ती ई१ लाइन, २.०४८ मेगाबिट, बाइटमध्ये २५६ केबी. ६४ किलोबिटचे ३२ कप्पे असतात त्यात, एक कप्पा ताल धरण्यासाठीच जातो. एसटीएम-१ ही टेलिफोनवाल्यांची मोठी लाइन, म्हणजे १५५.५२ मेगाबिट, ८ नं भागून १९.४४ एमबी, पण आत हेडर भरपूर असल्यामुळे मालाला मिळतात १४९.७६ मेगाबिट म्हणजे १८.७२ एमबी. एकेकाळी अख्ख्या जिल्ह्याचा टेलिफोन वाहणारी लाइन आज यूएसबी २ च्या पेनड्राइव्हपेक्षा कमी. एसटीएम-१६ चे २,४८८ मेगाबिट ओळखीचे वाटले ना, प्रश्न ८ मधल्या जीपॉनचा आकडा तोच आहे.

१२. सर्व्हर रूममधल्या जुन्या स्टोरेजवर "४ जीबी फायबर" लिहिलंय. त्यात इंटरनेटची फायबर लावली तर चालेल का?

चालणार नाही. ते फायबर चॅनल, डिस्कशी बोलायची वेगळी भाषा. काच तीच, उजेड तोच, पण स्कझीच्या कमांड जातात तिच्यावरून, इंटरनेट नाही. प्लग पण बहुतेक वेगळा, घरच्या डब्याला हिरवा चौकोनी आणि स्टोरेजला लहान जोडप्लग, आणि केबल नारिंगी किंवा आकाशी मल्टिमोड. जबरदस्तीने घालू नका.

हिशोब करायचा तर त्या ४ वाल्याचे ४०० एमबी धरायचे. लाइनवर ४.२५ गिगाबिट असतात, १० नं भागून ४२५, त्यातून फ्रेमचा वरखर्च वजा जाऊन ४००. १, २, ४, ८ सगळे याच पद्धतीने १००, २००, ४००, ८०० एमबी. १६ वर मात्र नियम मोडतो, तिथे १० चा भागाकार लावू नका. १६ च्या लाइनवर १६ गिगाबिट नसतातच, १४.०२५ असतात, पण एन्कोडिंग बदललंय, ६४ बिटांना फक्त २ जास्तीचे, त्यामुळे १,६०० एमबी निघतात. असंच यूएसबीच्या १० गिगाबिटवाल्यात झालंय, तिथे १२८ ला ४ जास्तीचे, म्हणून हजार नाही तर सुमारे १,२१२ एमबी.

१३. खाणीवरच्या वजनकाट्याला सिरियल पोर्ट आहे, ९६०० वाला. फायबर घेतली तर डेटा फास्ट येईल?

डिचोली-सांगे बाजूने हा प्रश्न बऱ्याचदा येतो. ९६०० म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, आणि इथे पण १० नं भागायचं, पण कारण वेगळं. प्रश्न २ मधलं एन्कोडिंग नाही हे, सिरियलमध्ये प्रत्येक बाइटच्या पुढे एक स्टार्ट बिट आणि मागे एक स्टॉप बिट असतो. म्हणून ९६० बाइट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. वजनाची एक ओळ वीस-पंचवीस अक्षरांची, तिला ते भरपूर झालं. काट्यावरून आकडा उशिरा येतो तो ट्रक हलायचा थांबेपर्यंत काटा वाट बघतो म्हणून. फायबरने फायदा एवढाच की तोच आकडा पणजीच्या ऑफिसात त्याच क्षणी दिसेल, आणि दुसरा असा की काच विजेची वाहक नाही, त्यामुळे पावसाळ्यात खांबाखांबावरून येणारा झटका त्या वाटेने आत येत नाही.

१४. मोठी फाइल ८० एमबीने जाते आणि फोटोंचा फोल्डर १ एमबीने. डिस्क खराब झाली का?

खराब नाही, ती धावपळ करतेय. या ठिकाणी वरची सगळी कोष्टकं फुकट जातात म्हणून नीट वाचा.

७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्या) डिस्कची प्लेट एक फेरी ८.३ मिलिसेकंदात मारते, म्हणजे हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद. हेड त्या रांगेवर न्यायला आणखी ८-९. एका उडीला बारा-तेरा मिलिसेकंद, सेकंदाला ८० च्या आसपास उड्या. प्रत्येक उडीला ४ केबीचा तुकडा मिळाला तर ३२० केबी झाले, म्हणजे २.६ एमबीपीएस! डिस्क साटाची, केबल चांगली, फायबर गिगाबिटची, आणि हातात येतात अडीच मेगाबिट. फोटो ४ केबीपेक्षा मोठे असतात म्हणून एवढं वाईट होत नाही पण थंबनेल, कॉन्फिग, टॅलीचा (हिशोबाच्या प्रोग्रामचा) जुना डेटा असलं काही असेल तर अगदी हेच होतं.

उपाय म्हणजे आधी झिप करा, कॉम्प्रेशन न करता नुसती बांधली तरी चालेल, आणि मग ती एकच फाइल पाठवा. झिप बनवताना उड्या मारायच्याच आहेत पण त्या एकदाच आणि घरातल्या घरात, प्रत्येक फाइलमागे पलीकडच्या सर्व्हरशी "मिळाली का, मिळाली" होत नाही.

१५. विंडोज एक्सपीवाल्या जुन्या मशीनवर अमेरिकेच्या सर्व्हरवरून ३०० केबीच येतात, बाजूच्या नव्या लॅपटॉपवर १० एमबी. लाइन तर एकच!

लाइन एकच, धीर वेगळा. टीसीपी ठराविक डेटा पाठवून पोच येईपर्यंत थांबतं. जुन्या सिस्टिममध्ये तो ठराविक डेटा फार तर ६४ केबी. अमेरिकेला जाऊन यायला २०० मिलिसेकंद लागले तर सेकंदाला पाच फेऱ्या, पाच गुणिले ६४ म्हणजे सुमारे ३२० केबी, संपलं. प्लॅन १०० वरून ५०० केला तरी ३२० च. हीच फेरी २० मिलिसेकंदाची असेल, मुंबईचा सर्व्हर धरा, तर त्याच मशीनवर ३.२ एमबी मिळतील. विंडोज व्हिस्टापासून ही मर्यादा सिस्टिम आपोआप वाढवते. काचेत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्याच्या पुढे कोणाचं काही चालत नाही.

१६. जुना टेप ड्राइव्ह नेटवर्कवरून लावलाय, सारखा पुढे-मागे घर्र घर्र करतो. का?

त्याला खायला मिळत नाहीये. एलटीओ-३ ची टेप ८० एमबीने लिहिते (खोक्यावर १६० छापलेलं असेल, ते निम्मं कॉम्प्रेशन होईल असं धरून), आणि तुम्ही १०० एमबीपीएसच्या नेटवर्कवरून तिला देताय १२ एमबी. ड्राइव्ह टेपची चाल थोडीफार कमी करू शकतो पण एवढी नाही, मग तो थांबतो, मागे जातो, परत लिहितो. टेप झिजते आणि हेडही. आधी सगळा बॅकअप लोकल डिस्कवर उतरवा, मग डिस्कवरून टेपवर एका दमात. गिगाबिटवर ११२ एमबी येत असतील तर एलटीओ-३ पर्यंत थेट चालून जातं, एलटीओ-४ ला १२० लागतात, ते नाही.

१७. जुन्या सर्व्हरच्या पीसीआय स्लॉटमध्ये गिगाबिट कार्ड टाकलं, तरी ४०-५० एमबीच. कार्ड बदलू?

बदलून काही होणार नाही. साधा पीसीआय म्हणजे १३३ एमबी, तोही सगळ्या स्लॉटना मिळून. डिस्कचा कंट्रोलर पण त्याच बसवर (म्हणजे कार्डांच्या सामाईक रस्त्यावर) असेल तर प्रत्येक बाइट दोनदा जातो, एकदा नेटवर्ककडून मेमरीत, एकदा मेमरीतून डिस्ककडे. निम्मे झाले ६६, त्यातून वरखर्च. ४०-५० म्हणजे मशीन जीव तोडून चाललंय.

१८. गिगाबिट फुल डुप्लेक्स म्हणजे दोन गिगाबिट ना?

एकाच वेळी १ येताना आणि १ जाताना. एका बाजूची कॉपी १२५ एमबीच्या वर जात नाही. यूएसबी २ मध्ये तेवढंही नाही, एका वेळी एकच दिशा, म्हणून एकाच यूएसबी २ डिस्कवरून वाचून तिच्यावरच लिहायला लागलात तर स्पीड निम्म्याच्याही खाली जातो.

१९. सीडी ड्राइव्हवरचं ५२ एक्स म्हणजे किती एमबीपीएस?

एक एक्स म्हणजे १५० केबी (१०२४ वाले), ५२ एक्स म्हणजे ७,८०० केबी, जवळजवळ ६४ एमबीपीएस, आणि ते पण फक्त सीडीच्या बाहेरच्या कडेला, आतल्या बाजूला निम्म्याहून कमी. डीव्हीडीचा एक एक्स ११ मेगाबिटचा आणि ब्लू-रेचा ३६ चा, तेव्हा एक्स बघून दोन ड्राइव्हची तुलना करू नका. १०० च्या फायबरवर आयएसओ (सीडीची हुबेहूब प्रत असलेली एकच फाइल) उतरवणं सीडीवरून कॉपी करण्यापेक्षा फास्ट पडतं, ती सीडी ओरखडे नसलेली असली तरी.